खतावणीतला समाज

कर्जमाफीचा विषय निघाला की मराठी घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, 'आम्ही घराचे हप्ते पोटाला चिमटा घेऊन भरतो, आम्हाला कोण माफ करतो?' दुसरा म्हणतो, 'शेतमालाला नीट भाव मिळाला असता तर माफी मागण्याची वेळच आली नसती.' रविवारच्या जेवणावर सुरू झालेला हा वाद पाहता पाहता शहर विरुद्ध गाव असे रूप घेतो आणि शेवटी कोणीतरी वडीलधारे माणूस ताटात आणखी भात वाढायला सांगून तो मिटवते. २०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, सरकारने त्यांना चर्चेला बोलावले आणि कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ असे जाहीर केले, तेव्हाही घराघरांत हेच घडले.

त्या तारखेचे आणि त्या निर्णयाचे राजकारण हा माझा आजचा विषय नाही. १९९०, २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या होऊन गेल्या; पुढेही ही मागणी होत राहील. माझा विषय वेगळा आहे. मी अडतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी ग्रामीण शाखांत. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही उद्योगांत एक गोष्ट ध्यानात आली. कर्ज हा केवळ पैशाचा व्यवहार नसतो. खतावणीच्या एका पानावर कुटुंब असते, जात असते, बाजार असतो, सरकार असते, घरातल्या बाईचे मौन असते. हे सगळे वाचायचे तर बेरीज-वजाबाकी पुरत नाही. त्यासाठी दोन-अडीचशे वर्षे खपून माणसाने काही शास्त्रे उभी केली आहेत. त्यांना आपण सामाजिक शास्त्रे म्हणतो, आणि बहुतेक मराठी घरांत 'मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला घातला' या एका वाक्यात त्यांची बोळवण करतो.

जेवणाच्या टेबलावरचे ते दोन्ही पक्ष नकळत याच शास्त्रांच्या भाषेत बोलत असतात. म्हणून कर्ज हा एकच विषय धरून या शास्त्रांची ओळख करून घ्यावी, असा हा प्रयत्न आहे.

सुप्याचा बाजार

सुरुवात इतिहासापासून करू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांनी मुख्यतः मागितली ती कर्जरोख्यांची कागदपत्रे, आणि ती हाती येताच जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग कागदावर होता.

हा राग का आला? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच १८६७ च्या सुमारास सरकारने शेतसाऱ्याची नवी, वाढीव आकारणी केली. सावकाराने हात आखडता घेतला.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला होता. कर्जरोखा तीन वर्षेच चालेल, म्हणजे व्याजावर व्याज चढून शेतकरी बुडणार नाही, असा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक थकलेले व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्या नव्या रकमेवर व्याज चालू. संरक्षणासाठी केलेला कायदाच फास झाला. बँकेतली 'कर्ज नवे-जुने करणे' ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात फार अनोळखी वाटू नये. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतीच्या अनपेक्षित परिणामांवर एक निबंध लिहिला. सामाजिक शास्त्रांचा हा पहिला धडा मानायला हरकत नाही: हेतू चांगला आहे म्हणून परिणाम चांगला होईलच असे नाही, तो मोजून पाहावा लागतो.

व्याज आणि विश्वास

आता अर्थशास्त्र. त्याचा पाया घालणारा अॅडम स्मिथ बाजाराच्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून ओळखला जातो. पण व्याजाच्या दराला कायद्याने मर्यादा असावी, असे त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मान्य केले होते. व्याज फार वाढले तर ते देण्याची तयारी उधळ्या आणि सट्टेबाजांचीच असते, सावध माणूस बाजूला होतो, हे त्याचे म्हणणे. १७८७ मध्ये जेरेमी बेंथम याने त्याला जाहीर उत्तर दिले. सज्ञान माणसाने कोणत्या अटींवर कर्ज घ्यावे हे सरकारने का ठरवावे, असा त्याचा सवाल होता. आपल्या घरातल्या वादाचे हे पूर्वज.

जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९८१ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी स्मिथची ही शंका गणिताने मांडली. बँकेने दर वाढवला की चांगला ऋणको निघून जातो आणि धोक्याचा उरतो. म्हणून बँक दर वाढवण्याऐवजी काहींना कर्जच नाकारते. त्याआधी १९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ याने जुन्या मोटारींच्या बाजारावरून एक विचार मांडला होता. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. माहितीची ही तफावत बाजार बिघडवते. अॅकरलॉफ त्याआधी काही काळ भारतात राहिला होता, आणि त्या निबंधात त्याने भारतातील सावकारीचेही उदाहरण घेतले आहे. शहरातल्या बँकेपेक्षा गावचा सावकार इतके जास्त व्याज कसे लावू शकतो? कारण कर्ज कोणाला द्यावे हे त्याला ठाऊक असते, बाहेरच्याला नसते.

हे मी रोज पाहिले. माझ्यासमोर सातबारा, आठ-अचा उतारा आणि इतर बँकांचे बेबाकीचे दाखले असत. सावकाराजवळ यातले काहीच नसे, पण कोणाच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही, कोणाचा भाऊ वाटणी मागतो आहे, कोणाच्या घरी पुढच्या वैशाखात लग्न आहे, हे सगळे त्याला तोंडपाठ. कर्ज मागणारा माणूस त्याच्यासाठी पूर्ण उघडा असे. माझ्यासाठी तो तीन कागदांचा होता.

तरीही बँका गावात गेल्या, हे मोठे काम झाले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के आढळला होता. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी ६९.६ टक्के संस्थांकडचे आणि २०.५ टक्के व्यावसायिक सावकारांकडचे निघाले. आकड्यांची इतकी उलथापालथ आपोआप होत नाही. त्या जुन्या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, १९३० मध्ये ती स्थापन झाल्यापासूनचे, ते पहिले संचालक. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर हेच गाडगीळ उभे होते. अर्थशास्त्र पुस्तकात राहिले नाही, ते गावात उतरले, त्याचे हे उदाहरण.

जमीन कोणाची, नफा कोणाचा

अर्थशास्त्राचा मुख्य प्रवाह दोन व्यक्तींमधला करार पाहतो. कार्ल मार्क्स विचारतो, करार करणारे दोघे समान आहेत का? १८५२ मध्ये फ्रान्समधील छोट्या शेतकऱ्यांविषयी लिहिताना त्याने दाखवले की जमीन कागदावर त्यांच्या नावाची असली तरी ती गहाण पडलेली आहे आणि तिचे उत्पन्न व्याजाच्या रूपाने शहराकडे वाहते आहे. हे शेतकरी एकसारखे जगतात, पण विखुरलेले असल्यामुळे एक होत नाहीत, हेही त्याने नोंदवले. मार्क्सच्या निष्कर्षांशी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण त्याचा प्रश्न टाळता येत नाही.

तो प्रश्न आपल्या मातीत विचारला गेला, हे फार थोड्यांना माहीत असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले होते. आज तिथे संगणक कंपन्यांतल्या नोकरदारांचे मनोरे आहेत, ही गोष्ट निराळी.

जमिनीचे तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असे त्या वेळी सारेच म्हणत होते. १९१८ मध्ये एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने या रोगनिदानालाच आव्हान दिले. तो अर्थशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शेत लहान आहे की मोठे हे एकरांवर ठरत नाही; त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसे किती, या प्रमाणावर ठरते. भांडवल अपुरे आणि रिकामे हात फार, हे खरे दुखणे आहे, म्हणून उपाय शेतीच्या बाहेर, उद्योगधंद्यांत शोधावा लागेल, हे त्यांचे प्रतिपादन. त्याआधी दोन वर्षे, १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला होता. एकाच माणसाने जातीचा विचार मानवशास्त्राने आणि जमिनीचा अर्थशास्त्राने केला. कर्जमाफीच्या वादात त्यांचा १९१८ चा निबंध क्वचितच कोणी काढतो. काढला, तर चर्चेचा अर्धा धुरळा खाली बसेल.

आहेराची वही

बँकेच्या तपासणीत एक शेरा हमखास असे: कर्जाचा वापर अन्य कारणासाठी. पीककर्ज उचलले आणि मुलीच्या लग्नात घातले. आमच्या भाषेत हा गैरवापर. आता हाच व्यवहार मानवशास्त्राच्या डोळ्यांनी पाहा.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याचा भेटवस्तूंवरचा दीर्घ निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या समाजांचा अभ्यास करून त्याने दाखवले की भेट ही वरवर ऐच्छिक दिसली तरी तिच्या पोटात तीन बंधने असतात: द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. आपल्याकडे लग्न उरकल्यावर आहेराची वही उघडून बसणाऱ्या काकूंना हे मॉसकडून शिकायला नको. कोणी किती घातले आणि आपण त्यांच्याकडे किती घालायचे, हा पक्का हिशेब आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर दोन प्रकारची कर्जे असतात. एक बँकेचे, दुसरे सोयऱ्याधायऱ्यांचे. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. आहेर चुकला तर माणूस माणसातून उठतो. त्याने कोणते आधी फेडावे?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने याच गोष्टीला पुढे भांडवल म्हटले. पैशाचे भांडवल असते तसे ओळखीपाळखीचे, प्रतिष्ठेचेही असते आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते. कर्जाला जामीनदार लागतो, त्याचा अर्थ हाच. बागायतदाराच्या मागे दहा जामीनदार उभे राहत. गावाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या माणसाला दोन मिळत नसत. नियम दोघांना एकच होता.

चार भिंतींआडचे दुःख

आता अवघड विषय. एमिल दुर्खीम याने १८९७ मध्ये आत्महत्या या विषयावर ग्रंथ लिहिला. तोवर ही गोष्ट एका माणसाच्या मनातली, एका घराच्या दुःखातली मानली जाई. दुर्खीमने युरोपातील देशोदेशींचे सरकारी आकडे मांडून दाखवले की प्रत्येक समाजाचा याबाबतीतला दर वर्षानुवर्षे बराचसा स्थिर असतो, म्हणजे कारणे केवळ व्यक्तीत नसून समाजातही असतात. माणसाला धरून ठेवणारे धागे सुटले, जगण्याचे नियम एकाएकी मोडले, की धोका वाढतो. मंदी आली की तो वाढतोच, पण अचानक भरभराट झाली तरी वाढतो, हे त्याचे निरीक्षण आजही चकित करते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून पाहणी केली. २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांचा अहवाल आला. कर्जबाजारीपणा हा घटक सर्वांत अधिक आढळला, पण तो बहुधा एकटा नव्हता. पडते उत्पन्न, घरातले आजारपण, लग्न, गावातली घसरलेली पत, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. 'कर्जामुळे' आणि 'दारूमुळे' अशा एका शब्दाच्या उत्तरांनी वाद जिंकता येतो, माणूस वाचवता येत नाही.

दुर्खीमवर आक्षेपही घेतले गेले. जॅक डग्लस याने १९६७ मध्ये विचारले, हे सरकारी आकडे तयार कोण करतो? मृत्यूची नोंद कोणत्या रकान्यात पडते हे नोंदवणाऱ्यावर अवलंबून असते. आपल्याकडे तर मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. जमीन नावावर नाही, कर्ज बँकेचे नाही, म्हणून अपात्र ठरलेल्या घरांत दुःख कमी होते असे कोण म्हणेल? आकडा हा पुरावा असतो, पण तो कचेरीत जन्मलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे.

पाच एकरांची रेघ

कचेरीचे शास्त्र मॅक्स वेबर याचे. आधुनिक राज्य नियमाने, फाइलने, माणूस न पाहता चालते, आणि हेच त्याचे बळ आहे, असे त्याने दाखवले. वशिला संपवायचा तर नियम आंधळा हवा. मात्र हा आंधळेपणा माणसाला पिंजऱ्यात घालतो, ही भीतीही त्याचीच.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती आणि त्यावरच्या शेतकऱ्याला थकबाकीत पंचवीस टक्के सूट. पात्र खातेदारांची यादी आम्ही शाखेच्या फलकावर लावली. यादी वाचून दोन शेजारी माझ्या टेबलाशी आले. एकाची चार एकर जमीन, विहिरीवरची, तीत संत्र्याची बाग. त्याचे सारे माफ. दुसऱ्याची साडेसहा एकर, निव्वळ कोरडवाहू, तीत कपाशी. त्याला माफी मिळायची तर उरलेले पंचाहत्तर टक्के आधी भरायचे. तो काही ओरडला नाही. 'साहेब, एकर मोजले, पाणी कोणी मोजायचे?' एवढेच म्हणाला. आंबेडकरांनी १९१८ मध्ये विचारलेला प्रश्न नव्वद वर्षांनी तो आपल्या शब्दांत विचारत होता. विदर्भात हा आक्षेप तेव्हा सर्वत्र घेतला गेला.

याच रेघेचा संशोधकांना मात्र उपयोग झाला. दोन हेक्टरच्या किंचित आत आणि किंचित बाहेर असलेली कुटुंबे बाकी सर्व बाबतींत सारखीच असतात. म्हणून त्यांची तुलना केली तर माफीचा परिणाम वेगळा काढता येतो. मार्टिन कान्झ यांनी गुजरातमधील अशा कुटुंबांची पाहणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माफी मिळालेल्यांचे कर्ज उतरले, पण शेतीतली गुंतवणूक वाढली नाही, उत्पादकताही वाढली नाही. उलट बँक पुन्हा दारात उभे करणार नाही या धास्तीने ते खासगी कर्जाकडे अधिक वळले. माफीने गळ्याचा फास सैल झाला, हे खरे. पुढचा रस्ता तिने दाखवला नाही.

मानसशास्त्राचेही येथे सांगणे आहे. सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची हंगामापूर्वी आणि हंगामानंतर चाचणी घेतली. पैसा हाती येण्यापूर्वी, ओढाताणीच्या दिवसांत तोच शेतकरी बुद्धीच्या चाचणीत कमी पडला. हा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्याच्या पद्धतीवर पुढे वादही झाले. पण चिंता डोक्यातली जागा खाते, हे कोणत्याही घरातली गृहिणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सांगेल. 'यांना हिशेब कळत नाही' असे म्हणण्याआधी हे आठवावे.

माफी स्वस्त, भाव महाग

सरकार पुन्हा पुन्हा माफीच का देते, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. रॉबर्ट बेट्स याने १९८१ मध्ये आफ्रिकेतील देशांवर लिहिताना एक चित्र रेखाटले. शहरातला वर्ग एकवटलेला आणि बोलका असतो, म्हणून सरकार अन्नाचे भाव दाबून ठेवते. मग खेड्यांतली मते राखण्यासाठी निवडक लोकांना सवलती वाटते. भाव सर्वांना मिळतो आणि त्याचे श्रेय कोणालाच देता येत नाही. सवलत मात्र यादी करून, छायाचित्र छापून देता येते.

आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात आपण शहरी माणसांनी कांदा स्वस्त खाल्ला. नाशिककडच्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली. शरद जोशी यांनी १९८० च्या सुमारास चाकणच्या कांद्यापासून जे आंदोलन उभे केले, त्याचा गाभा हाच होता: शेतकऱ्याचे कर्ज हे त्याच्या उधळेपणाचे फळ नसून धोरणाने पाडलेल्या भावाचे फळ आहे. हे सगळे पटो वा न पटो, 'आमच्या करातून माफी कशाला?' असे विचारणाऱ्याने आपल्या ताटातल्या कांद्याचाही हिशेब मांडायला हवा.

आणि एक नाव या सर्व याद्यांतून गळलेले असते. शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी करणारी बाई सातबाऱ्यावर क्वचितच असते. बीना अगरवाल यांनी १९९४ मध्ये दक्षिण आशियातील स्त्रिया आणि जमीन यांवर मोठा ग्रंथ लिहून दाखवले की नावावर जमीन असणे हे स्त्रीच्या घरातल्या आणि गावातल्या बळाचे मूळ आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती केली. देशात ती २००५ मध्ये झाली. कायदा झाला, उतारा फारसा बदलला नाही. नवरा गेल्यावर कर्ज मात्र तिच्या दारात येते. ठोक्याने किंवा बटाईने जमीन कसणाऱ्याचेही तेच. कागदावर तो शेतकरीच नाही, म्हणून त्याला पीककर्ज नाही आणि माफीही नाही. तो सावकाराकडेच जातो.

मग काय करावे?

वाचक विचारतील, इतकी शास्त्रे, इतके सिद्धांत, मग उत्तर काय? सगळी शास्त्रे एकच उत्तर देत नाहीत, हे खरे. सिद्धांत हा चष्म्यासारखा असतो. एकातून जवळचे दिसते, दुसऱ्यातून लांबचे. मार्क्सच्या चष्म्यातून आहेराची वही दिसत नाही, मॉसच्या चष्म्यातून निर्यातबंदी दिसत नाही. एकच चष्मा चोवीस तास लावून बसणाऱ्याला ठेच लागते. पण म्हणून डोळे मिटून चालावे, असे कोणी म्हणणार नाही.

माझ्यापुरते उत्तर असे. संकटात अडकलेल्याला माफी नाकारू नये. पण ती औषध म्हणून द्यावी, अन्न म्हणून नव्हे. पात्रतेची रेघ एकरांवर ओढू नये, पाणी, पीक आणि पैसेवारी पाहावी. जमीन कसणाऱ्या बाईची आणि बटाईदाराची नोंद आधी व्हावी, यादी मागाहून. माफी दिल्यानंतर तीन वर्षांनी त्याच घरांत जाऊन काय बदलले ते पाहावे आणि ते अहवाल लोकांपुढे ठेवावेत. मान यांनी शंभर वर्षांपूर्वी एका गावात जे केले ते आज तालुक्यातालुक्यात करणे अवघड नाही. त्यासाठी माणसे हवीत, आणि ती माणसे आपल्याच घरांत वाढत आहेत. दहावी-बारावीच्या निकालानंतर एखादी मुलगी 'मला समाजशास्त्र घ्यायचे आहे' म्हणाली, तर 'त्यात पुढे काय?' असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पुढे पुष्कळ आहे. पूल किती वजन पेलेल हे सांगायला आपण इंजिनिअर तयार केले. माणूस किती पेलेल हे सांगणारे मात्र फारच थोडे आहेत.